अर्ध्या इंचाचे दाजी

ओहायोला ताईकडं गेलो, तेव्हा विमानतळावरून घरी जाता जाता दाजींनी विचारलं, "माझा ग्रुप बघितलास का?"

मी म्हटलं, "कुठला? शाळेचा की कोल्हापूरकरांचा?" दोन्हींत रोज पहाटे सुप्रभात पडतं आणि दोन्ही मी म्यूट केलेत, त्यामुळं जरा सावधच होतो. सिग्नल लागला. दाजींनी पाकीट काढलं, अंबाबाईच्या फोटोमागून कागदाचा एक तुकडा ओढला आणि पुजारी तीर्थ देतो तसा माझ्या तळहातावर ठेवला. कागदावर तीन भोकं होती. एकमेकांत घुसलेली, बेलाच्या पानासारखी.

"शंभर यार्ड," दाजी म्हणाले. "अर्धा इंच. आपली रायफल दिवसभर असंच मारते."

"दिवसभर मारतात, एवढं खरं," मागच्या सीटवरून ताई म्हणाली. "सकाळी नाष्टा करून जातात ते दिवेलागणीला येतात."

माझं लक्ष कागदाच्या कडांकडं गेलं. तो कात्रीनं कापलेला होता. तीन बाजूंना चांगली बोटभर जागा सोडलेली, चौथ्या बाजूला मात्र कात्री भोकाला अगदी घासून गेलेली. त्या बाजूला काय होतं हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण मी पाहुणा होतो आणि गाडी दाजींची होती.

ज्यांचा या विद्येशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकाच ठिकाणी नेम धरून तीन किंवा पाच गोळ्या मारायच्या आणि सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. तो ग्रुप. तो जितका आवळलेला, तितका माणूस समाधानी. भोकं काळ्या वर्तुळाच्या मधोमध पडली की कोपऱ्यात, याला महत्त्व नाही. ती एकमेकांना धरून राहिली पाहिजेत. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, आणि शंभर यार्डांवर त्याचे होतात १.०४७ इंच. या जमातीत माणसाची जात, गाव, पगार कुणी विचारत नाही. रायफल किती मिनिटाची, एवढंच विचारतात. दाजी अर्ध्या मिनिटाचे. निदान पाकिटात.

आता कोल्हापूरचा माणूस आणि रायफल यांचं नातं काही नवं नाही. तेजस्विनी सावंत आमची. २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक घेतलं तो स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला. त्याची फायनल दाजींनी इथं एकट्यानं पाहिली आणि मग एवढ्या जोरात ओरडले की शेजारची बाई विचारायला आली. पण स्वप्नीलला गुडघ्यावर बसून, आडवं पडून आणि उभं राहून, असं तिन्ही प्रकारे मारावं लागतं. तेही ५० मीटरवर, जिथं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. दाजींचा प्रकार बाकावरचा. माणूस स्टुलावर बसणार, रायफलचं तोंडाकडचं लाकूड एका वाळूच्या पिशवीवर आणि दस्ता दुसऱ्या पिशवीवर.

मी विचारलं, "मग रायफल धरतं कोण?"

"पिशव्या."

"आणि तुम्ही?"

"मी मधे येत नाही," दाजी म्हणाले. ही सबंध बैठकीची नेमबाजी एका वाक्यात सांगितल्याबद्दल मी त्यांना आजही मानतो. अडचण एवढीच की दाजी मधे येत होते.

त्यांचं तळघर म्हणजे एक सराफी पेढीच आहे. काडतुसं ते स्वतः भरतात. दारू मोजायचा काटा एक दशांश ग्रेनपर्यंत जातो. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, आमच्या गुजरीतल्या सोनाराची गुंज याच्या जवळजवळ दुप्पट. ताईनं एकदा श्रीखंडासाठी केशर मोजायला तो काटा मागितला, तर दाजींनी तिच्याकडं देवघरात चप्पल घालून आल्यासारखं पाहिलं. काट्याशेजारी पितळी पुंगळ्यांच्या माना तासायचं यंत्र, गोळी किती खोल बसली ते मोजायचं कॅलिपर, वाऱ्याचा वेग सांगणारं यंत्र. भिंतीवर तीन दुर्बिणी, म्हणजे आता रायफलवर आहे ती चौथी. ट्रिगर दुसरा. नळी तिसरी. मूळच्या रायफलचं तिच्यात आता काय उरलंय, असं मी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "नवरा."

हा प्राणी फक्त ओहायोत होतो असं नाही. सूर लागत नाही म्हणून तिसरी पेटी घेणारे गृहस्थ आमच्या गल्लीत होते. पुण्यात सिंहगडाच्या चढाला दम लागतो म्हणून सायकल दोनशे ग्रॅमनं हलकी करणारे आणि स्वतः दहा किलोनं जड असणारे तर दर रविवारी दिसतात. मी स्वतः लिहिणं होत नाही म्हणून सात पेनं घेतली आहेत, तेव्हा जास्त बोलत नाही.

रात्री जेवताना दाजी विक्रम सांगतात. १९७३ साली मॅक मॅकमिलन यांनी शंभर यार्डांवर पाच गोळ्या ०.००९ इंचांत बसवल्या. चाळीस वर्षं तो विक्रम कुणाला हलला नाही; २०१३ साली ०.००७७ इंच झाला. म्हणजे पाच गोळ्या आणि भोक एकच. ह्यूस्टनला १९८०च्या सुमारास काही मंडळी रात्री एका लांबलचक बंद गोदामात जाऊन मारायची, कारण आत वारा नव्हता. हे सांगताना दाजींचा आवाज कातर होतो. "गोदाम पाहिजे रे मर्दा," ते म्हणतात आणि ताई त्यांच्या पानात मुकाट्यानं आमटी वाढते.

रविवारी मला रेंजवर नेलं. गोळीबार थांबायचा, सगळ्यांचे बोल्ट उघडे व्हायचे, माणसं पिवळ्या रेषेच्या मागं सरायची आणि मग आपापले कागद लावायला शंभर यार्ड चालत जायची. हे चालणं मला सगळ्यांत आवडलं. आमच्या शेजारच्या बाकावर एक म्हातारा होता. डोक्यावर मक्याच्या बियाण्याच्या कंपनीची टोपी, रायफल जुनी. वाळूच्या पिशव्या म्हणजे जुन्या जीन्सचे कापून शिवलेले पाय. वारा बघायला त्यानं जमिनीत एक काठी खोवून तिला प्लास्टिकची नारंगी फीत बांधली होती. दाजींनी त्याच्याकडं दयेनं पाहिलं.

दाजींनी पाच गोळ्या मारल्या. सव्वादोन इंच.

"वारा," दाजी म्हणाले. फीत सरळ खाली लोंबत होती.

पुन्हा पाच. दोन इंचांना थोडं कमी, त्यातल्या तीन एका बाजूला आणि दोन भलतीकडं. "नळी तापली," दाजी म्हणाले. "आणि हे दोन फ्लायर आहेत. हे धरायचे नाहीत."

फ्लायर म्हणजे भरकटलेली गोळी. तिचं लग्नात दारू पिऊन नाचणाऱ्या माणसासारखं असतं. मुलाकडचे म्हणतात मुलीकडचा, मुलीकडचे म्हणतात मुलाकडचा, आणि जेवून तो दोन्हींकडं जातो. गाडीत पाहिलेल्या त्या कागदाची चौथी बाजू आता माझ्या डोळ्यांपुढं आली. गोळ्या वाढवल्या की ग्रुप वाढतो किंवा फार तर तेवढाच राहतो, लहान मात्र कधी होत नाही; म्हणून दाजींचा जीव तीन आकड्यावर होता.

म्हातारा हे सगळं बघत होता. गंमत म्हणजे तो कागदाकडं बघतच नव्हता, दाजींकडं बघत होता. शेवटी उठून आला, मी जरा बघू का म्हणाला, आणि एक काडतूस गुपचूप माझ्या हातात दिलं. मी पाठ करून रायफल भरायची, दाजींनी मारायची, असं ठरलं. पहिलं खरं भरलं. धडाड. दुसरं त्यानं दिलेलं.

खट्.

गोळी सुटलीच नाही, पण दाजी सुटले. खांदा पुढं गेला, डोळे घट्ट मिटले, आणि पिशव्यांवर इतका बंदोबस्त करून ठेवलेल्या त्या रायफलनं मान खाली घातली. धक्का बसायच्या आधीच दाजी धक्का खाऊन मोकळे झाले होते. आम्ही तिघंही क्षणभर गप्प.

"प्रायमर खराब निघाला," दाजी म्हणाले.

म्हाताऱ्यानं काडतूस बाहेर काढून उलटं धरलं. बुडात प्रायमरच्या जागी नुसता खळगा होता.

पुढचा तासभर म्हाताऱ्यानं एक पैशाची वस्तू न घेता दाजींची झडती घेतली. स्टूल ठेंगणं होतं, त्यामुळं दाजी बाकाला लोंबकळल्यासारखे बसत; त्यानं स्वतःचा कोट घडी घालून खाली ठेवला. पट्टा अडकवायचा खिळा दर धक्क्याला पुढच्या पिशवीवर आपटत होता. रायफल दोन बोटं पुढं सरकवली. डावा हात दाजी नळीखालच्या लाकडावर वरून दाबून धरायचे, कधी सौम्य, कधी सावकाराच्या मानेवर ठेवल्यासारखा. तो काढून मागच्या पिशवीशी नेला, पिशवी आवळली की नेम खाली आणि सैल सोडली की वर. मग म्हणाला, डोळे मीट, श्वास सोड, आता उघड. फुली तिथंच आहे का? नव्हती. चार बोटं डावीकडं. तोवर दाजी दर वेळी ती खांद्यानं ढकलून जागेवर आणत होते आणि गोळी सुटताना रायफल आपल्या जागी परत जात होती.

सगळ्यांत अवघड गेलं ते शेवटचं. ट्रिगर सरळ मागं दाबायचा, दाबून तसाच धरायचा आणि धक्का संपेपर्यंत गाल उचलायचा नाही. शुभंकरोती म्हणताना एक डोळा उघडून वाटीतला प्रसाद बघणारं पोर असतं ना, तसे दाजी आवाज व्हायच्या आत डोकं वर काढून भोक बघायचे. म्हाताऱ्यानं रिकाम्या रायफलच्या नळीवर एक नाणं ठेवलं. नाणं न पाडता ट्रिगर दाब. पहिल्या सहा वेळा नाणं पडलं आणि सहाही वेळा दाजींनीच वाकून उचललं. सातव्यांदा राहिलं. मग आणखी वीस वेळा.

त्यानंतर पाच खऱ्या गोळ्या. सावकाश, मधे नळी निवू देत. कॅलिपर म्हाताऱ्यानंच धरलं; लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजलं आणि गोळीची जाडी, ०.३०८ इंच, वजा केली. पाचही धरल्या. ०.९४ इंच. त्यानं दाजींच्या पाठीवर थाप मारली, कोट झटकून अंगात घातला आणि स्वतःच्या बाकाकडं गेला.

मला वाटलं दाजी नाचतील. ते कागदाकडं बघत राहिले. सकाळच्या दोन इंचांमागं वारा होता, नळी होती, कारखाना होता. या ०.९४ मागं फक्त दाजी होते. कागद त्यांनी चार घड्या करून गाडीच्या खणात, पार्किंगच्या पावत्यांत सारला. कात्री मागितली नाही, आणि पाकीटही खिशातून बाहेर आलं नाही.

घर येईपर्यंत कुणी बोललं नाही. दार ताईनं उघडलं. "झाला का ग्रुप?"

"मर्दा," दाजी मला म्हणाले, बूट काढता काढता, "त्या स्टुलाचा एक पाय हलत होता. बघितलास तू?"

मी काही बोललो नाही.

"चार पायांचं हलणारच," म्हणत ते तळघराच्या जिन्याकडं वळले. "तीन पायांचं मागवतो. तीन कधी हलत नाहीत."