एलेव्हेशनचा ताप

ऐकलंत का? बारामती-इंदापुरात हल्ली घर बांधायला काढलं की ‘खोल्या किती?’ असं कुणी विचारतच नाही. पहिला प्रश्न, ‘एलेव्हेशन कसलं घेतलंय?’ उसाचं बिल खात्यात पडायचा अवकाश, भवानीनगरपासून भिगवणपर्यंत हा ताप चढलाच! फ्रेंचमध्ये ‘एलेव्हेशन’ या शब्दाचा अर्थ दर्शनी बाजूचा नकाशा असाही होतो आणि वर चढवणं असाही. इथं दोन्ही लागू, खर्चाचं बघाच.

ओसरी गेली, पोर्च आला. माडीचं डुप्लेक्स झालं. वैशाखाचं ऊन रणरणतंय आणि हॉलला म्हणे ‘फ्रेंच विंडो’! अहो, फ्रेंच माणूस तिला ‘पोर्त-फनेत्र’ म्हणतो, म्हणजे दार-खिडकी. इंग्रजीत येता येता दार गळालं, आणि आता या खिडकीतून सासूबाई वाळवण घेऊन अंगणात उतरतात. छताच्या पीओपीतला शेवटचा पी तर चक्क पॅरिसचा. तिथल्या मोंमार्त्र टेकडीतून जिप्सम निघायचा, त्यावरून पडलेलं नाव.

बांधकामाची फ्रेंच कागदपत्रं इंग्रजीत नेणाऱ्यांची तर भलतीच तारांबळ. ‘दाल’ म्हणजे स्लॅबही आणि फरशीही. ‘मेत्र दुव्राज’ म्हणजे पैसे देणारा मालक, ‘मेत्र दव्र’ म्हणजे काम करवून घेणारा. दोघांनाही ‘मास्टर’ करून टाकलं, तर बिल कुणाच्या हातात द्यायचं? आपल्याकडे तो घोळ नाही. पैसे मालक देतो, हुकूम मिस्त्री सोडतो, आणि मालक निमूट ऐकतो.

पण हसू नका फार. आपला ‘ब्रास’ काय साधा आहे? वाळूला शंभर घनफूट, फरशीला शंभर चौरसफूट. भाव ठरवताना मालक-मिस्त्री दोघंही मान डोलावतात, भांडण हिशेबाच्या दिवशी. श्लेष-यमकांचे बादशहा मोरोपंत बारामतीचेच, तेव्हा शब्दाला दोन अर्थ असायचेच म्हणा!

सगळ्यात कहर झाला तो एका अमेरिकावासी चिरंजीवांचा. फोनवरून फर्मान, ‘आईची खोली फर्स्ट फ्लोअरलाच हवी.’ तिकडे फर्स्ट फ्लोअर म्हणजे तळमजला, हे मिस्त्रीला कोण सांगणार? त्यानं ऐसपैस खोली काढली, बाथरूमसकट, जिना चढून वर. फ्रेंचांचा पहिला मजलाही वरच असतो, म्हणजे मिस्त्री एकटा पडला नाही. आता लिफ्टची कोटेशनं मागवतायत. म्हातारी मात्र खाली सोफ्यावर मजेत झोपते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वरची खोली बघून यायला लावते.