‘छान’ हा वास नव्हे

गुलाबवाले सर तुमच्याही लेआउटमध्ये असतील. वर्ध्यात तर रामनगरपासून सेवाग्राम रोडपर्यंत कुठेही जा, एक तरी भेटतोच. बहुधा शाळा-कॉलेजातून निवृत्त, अंगात खादीची बंडी, खिशात पेनाऐवजी सिकेटर. फाटकावरून जाणाऱ्याला हे ‘या, बसा’ म्हणत नाहीत. ‘या, वास घ्या’ म्हणतात. चहा मागाहून मिळतो, तोही उत्तर बरोबर आलं तर.

मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या पोराला सरांनी ‘पापा मेलँड’च्या कुंडीसमोर उभं केलं.

“हेल्मेट काढ. वाक. हं, सांग आता, कशाचा?”

“छान आहे जी.”

“छान हा वास नव्हे! छान म्हणजे तुला बरं वाटलं. मी वास विचारून राहिलो.”

पोरानं पुन्हा नाक खुपसलं, डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या आणि भीत भीत म्हणाला, “लिंबाच्या सालीवानी येते जी.” सरांचा चेहरा उजळला. त्यांनी ताबडतोब वही काढून नोंद केली. पोराला चहा मिळाला. रीडिंग घ्यायचं राहिलं, आणि त्या महिन्याचं बिल सरासरीनं आलं.

ही वही म्हणजे सरांचं जीवनकार्य. डावीकडे गुलाबाचं नाव, उजवीकडे येणाऱ्या-जाणाऱ्याचं मत. ‘डबल डिलाइट – भाजीवाली बाई – लवंग कुटली तसा.’ ‘नूरजहाँ – समोरच्यांचा नातू, वय सहा – गोरसपाक.’ गोरसपाकाचं बिस्किट हे वर्ध्याचं भूषण असलं तरी त्याचा नि गुलाबाचा संबंध काय, असं कुणी म्हटलं की सर खवळतात. “पोराच्या नाकावर शंका घेऊ नका. ते अजून खोटं बोलायला शिकलं नाही.” नगरपालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून आले. त्यांनाही कुंडीपाशी नेण्यात आलं. ते म्हणाले, “अतिशय सुंदर.” वहीत त्यांच्या नावापुढे फुली आहे.

लग्नात तर सरांना न्यायचीच चोरी. नागपूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात स्वागत समारंभ होता. स्टेज लाल गुलाबांनी खचाखच भरलेलं, मागे पाकिटं घेऊन रांग लागलेली. सर वर चढले, आशीर्वाद राहिला बाजूला, त्यांनी बुकेतलं एक फूल नवरदेवाच्या नाकाला लावलं. “आला काही?” नवरदेव प्रामाणिक निघाला, नाही म्हणाला. झालं! सरांनी तिथेच तास घेतला. तळेगावकडच्या पॉलिहाउसमधले हे गुलाब लांब दांडीसाठी, खोक्यातून विमानानं जाऊनही न कोमेजण्यासाठी निवडलेले. या निवडीत वास मागे पडला. 2015 साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचं एक कारणही दाखवून दिलं. त्यांनी घमघमणारा ‘पापा मेलँड’ आणि जवळजवळ बिनवासाचा ‘रूज मेलँड’ शेजारी ठेवून तपासले. पाकळ्यांमध्ये जिरॅनिऑल हे सुगंधी द्रव्य तयार व्हायला मदत करणारं एक विकर पहिल्यात जोरात कामाला लागलेलं, दुसऱ्यात ढिम्म. सर विकरापर्यंत पोचले तेव्हा फोटोग्राफरनं कॅमेरा खाली ठेवला होता आणि काकू पहिल्या रांगेतून ‘अवो, उतरा न खाली’ अशा खुणा करत होत्या.

गुलाब हा थंड हवेचा जीव, आणि वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. त्यातून आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणजे पावसाळ्यात मुळं कुजतात आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. कपाशीला मानवते, गुलाबाला नाही. पण सरांना हे सांगायची सोय नाही. ते काळ्या मातीत शेणखत आणि रेती मिसळतात, निंबोळी पेंड घालतात आणि एप्रिल लागला की हिरव्या नेटखाली कुंड्या हलवतात. घरातला कूलर बिघडला तर दुरुस्तीला आठवडा लागतो. नेट फाटली तर त्याच संध्याकाळी शिवली जाते. या कामात त्यांचं दैवत डॉ. बी. पी. पाल. मूळचा गव्हाचा माणूस, 1965 साली भारतीय कृषी संशोधन परिषदेचा पहिला महासंचालक झालेला, आणि तरी गुलाबाचे नवे वाण काढत बसलेला. “एवढा मोठा अधिकारी, पण डोक्यात गुलाब!” हे सर ज्या स्वरात सांगतात, त्यात स्वतःचं समर्थनही असतं.

छाटणी मात्र पाहावी तर सरांची. पाऊस गेला की ऑक्टोबरात पाटावर बसून ते एकेक फांदी हातात धरतात आणि बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा शोधतात. त्याच्या पाव इंच वर तिरका काप. पाणी डोळ्यावर साचू नये म्हणून उतार उलट्या बाजूला. कापावर लगेच मोरचूद-चुन्याची पेस्ट, नाहीतर फांदी शेंड्यापासून काळी पडत खाली वाळत जाते. खुंटातून फुटलेला रानफुटवा दिसला तर तो मुळापासून ओढून काढतात. या वेळी सर एक शब्द बोलत नाहीत. गल्लीतले लोक मुद्दाम याच दिवसांत फाटकावरून जातात.

गेल्या वर्षीची गोष्ट. काकू देवळात गेल्या होत्या, गॅसवर दूध होतं आणि सर स्वयंपाकघरातच टेबलाशी वही घेऊन बसलेले. दूध उतू गेलं, आटलं, करपलं. धूर खिडकीतून बाहेर आला, शेजारची मुलगी धावत आली. सर पाठमोरे, शांतपणे लिहीत होते.

मग काकूंनीच सांगितलं. 2021 च्या लाटेत सरांना कोरोना झाला, ताप उतरला, वास गेला तो आलाच नाही. डॉक्टरांनी नाकाला व्यायाम दिला, जगभर देतात तोच: चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या. लिंबू, लवंग, निलगिरी आणि गुलाब. पहिल्या तीन सरांनी निमूट घेतल्या. चौथीवर मात्र भांडले. बाजारचा अर्क चालणार नाही, घरचं फूल हवं. तेव्हापासून रोज पहाटे, कुणी उठायच्या आत, ते ‘पापा मेलँड’पाशी वाकून उभे असतात. वहीत त्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे रोज एक आडवी रेघ. वही सुरू झाली तीही त्याच वर्षी.

गल्लीला हे कळल्यावर कुणी सरांजवळ विषय काढला नाही. ते कटकटे आहेत, फूल कधी तोडू देत नाहीत, हे सगळं खरंच. पण आजूबाजूच्या अंगणांत जे गुलाब आहेत त्यांतले निम्मे त्यांनी डोळे भरून फुकट दिलेली कलमं आहेत, हेही नाइलाजानं मान्य करावं लागतं. मीटरवाला पोरगा हल्ली रीडिंगच्या आधीच कुंडीशी जातो. मागच्या खेपेला त्यानं लिंबाच्या सालीत ‘मागून जराशी सुपारी’ अशी भर घातली, आणि सरांनी ती दोनदा वाचून खात्री करून घेतली.

छाटणीनंतर साधारण 45 ते 50 दिवसांनी फुलं येतात. म्हणजे नोव्हेंबरअखेर वर्ध्याकडे आलात तर जरूर जा. ऊन चढल्यावर वास उडतो, तेव्हा सकाळी आठच्या आत. मसाल्याचा डबा, आजीची ट्रंक, रॉकेल, जे आठवेल ते बिनदिक्कत सांगा. सर्दी झाली असेल तर मात्र दुसऱ्या दिवशी जा.