नेप्तीचा नकाराधिकार

परवा एका मंगल कार्यालयात निर्यात मार्गदर्शन मेळावा झाला. फेटे बांधून झाले, नारळ देऊन झाले, दीपप्रज्वलनाची काडी तीनदा विझली. मग वक्ते म्हणाले, युरोपियन युनियनशी व्यवहार करायचा तर आधी त्यांचा परराष्ट्र संबंधांचा कायदा समजून घ्या. समोर निम्मे कांदेवाले होते, उरलेले जेवणासाठी थांबलेले. बोलण्याच्या ओघात वक्त्यांनी एक वाक्य सोडून दिलं : ‘बेल्जियममधल्या वल्लोनिया नावाच्या एका छोट्याशा प्रांतानं 2016 साली युरोप-कॅनडा करार अडवून धरला होता.’ सगळे हसले. वक्ते पुढे अवशेषमुक्त डाळिंबाकडे गेले. मी त्या ‘छोट्याशा’वर अडकलो तो अजून सुटलेलो नाही.

घरी येऊन आकडे काढले. वल्लोनियाचं क्षेत्रफळ सुमारे 16,900 चौरस किलोमीटर. आपल्या जिल्ह्याचं 17,048. फरक दीडशेचा, तेवढी जमीन आमच्याकडे बांधाच्या भांडणांतच अडकलेली असेल. लोकसंख्या त्यांची 36 लाखांच्या आसपास, आपली 2011 च्या जनगणनेत 45 लाख 43 हजार. म्हणजे मंगल कार्यालयात आपण ज्याला हसलो, तो नगर जिल्हाच होता. (सरकारदरबारी आता अहिल्यानगर. जिभेला वेळ लागतोय, कागदाला लागला नाही.)

प्रकरण साधं आहे. बाहेरच्या देशांशी मालाचा व्यापार ठरवणं हा युनियनचा एकटीचा अधिकार. पण करारात सदस्य देशांच्या अखत्यारीतलं काही शिरलं की तो ‘मिश्र’ होतो, फरसाणासारखा, आणि मग प्रत्येक देशाची मान्यता लागते. बेल्जियमच्या घटनेनं त्यात प्रांतांच्या संसदांनाही बसवलंय. त्यामुळे 2009 पासून चर्चेत असलेला, अठ्ठावीस देश आणि पन्नास कोटी लोकांच्या वतीनं केलेला कागद वल्लोनियाच्या संसदेत, नामूर नावाच्या गावी येऊन थांबला. आमच्या शेतकऱ्यांचं काय होणार आणि परदेशी गुंतवणूकदार उठसूट सरकारला लवादात खेचणार का, हे नामूरवाल्यांना लेखी हवं होतं. सही 27 ऑक्टोबरला ठरली होती. ती 30 ला झाली, लेखी मिळाल्यावर.

आता हेच आपल्याकडे लावून बघा. जिल्ह्याची संसद आहे, चौदा तालुके बसलेत आणि टेबलावर कॅनडाचा करार आहे. पहिला प्रश्न, कराराची मूळ प्रत ठेवायची कुठे? श्रीरामपूर म्हणणार आमच्याकडे, संगमनेर म्हणणार आमच्याकडे, शिर्डी काही म्हणणार नाही, फक्त जागा दाखवणार. जिल्हा विभाजनाचं मुख्यालय ठरत नाही तोवर प्रत नगरलाच राहील असं ठरणार, म्हणजे ती कायमची नगरलाच. अकोले म्हणणार, पाऊस आमच्याकडे, धरणं आमच्याकडे आणि पाणी खाली. कॅनडाला पाणी सोडणार नाही हे कलमात घाला. कॅनडाकडे स्वतःचं पाणी आहे असं कुणी सांगायला गेलं तर ‘जायकवाडीच्या वेळीही असंच समजावलं होतं’ हे उत्तर तयार. पाथर्डी सांगणार, सही दसऱ्याच्या आत उरका, नंतर आमची माणसं कोयते घेऊन उसाच्या फडात असतात. पारनेर म्हणणार, मुंबईत राहणाऱ्या पारनेरकरांनाही मत द्या. श्रीगोंदा विचारणार, तिकडं लिंबाला काय भाव? जामखेड शांतपणे म्हणणार, आम्ही याच जिल्ह्यात आहोत एवढं कॅनडाला कळवा, बाकी काही नको. दुपारी कोरम नाही म्हणून सभा तहकूब, आणि चार वर्षांनी कॅनडाचा माणूस तहसीलच्या आवारात मुद्रांक विक्रेत्यासमोर रांगेत उभा, हातात स्वतःच्या देशाची साक्षांकित प्रत.

हसलात? मीही हसलो होतो. मग आपली राज्यघटना उघडली. सातव्या अनुसूचीत पहिली यादी केंद्राची. तिच्यात नोंद 14 : परदेशांशी करार. दुसरी यादी राज्याची. तिच्यातही नोंद 14 : शेती. तालुकेही चौदाच, पण त्यांना यादी नाही. केंद्राच्या यादीत नोंद 41 आणखी आहे : परदेशांशी व्यापार, आयात-निर्यात. थोडक्यात, कांदा वाफ्यात आहे तोवर राज्याचा, कंटेनरमध्ये चढला की दिल्लीचा, आणि सडला की ज्याचा त्याचा.

ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य आलं. 7 डिसेंबरची तारीख घातलेली अधिसूचना निघाली आणि 8 तारखेपासून निर्यातच बंद. मध्ये अंतर एका रात्रीचं. डिसेंबरातला कांदा लाल असतो. तो उन्हाळी कांद्यासारखा चाळीत भरून ठेवता येत नाही. काढला की बाजार, नाहीतर कोंब. आमच्या नेप्तीच्या कांदा बाजारात गोणी रिकामी करून ढीग लावलेला माणूस, ढिगावर बोट ठेवून बोली पुकारणारा, मागे पावतीबुक घेऊन चालणारा मापाडी, यांतल्या एकालाही कुणी विचारलं नाही. विचारायचं सोडा, आदल्या दिवशी सांगितलं नाही. परदेशातल्या ज्या गिऱ्हाइकाला माल कबूल केला होता, तो पाकिस्तानकडे वळला. वळला तो वळला. परतून ये म्हणायला कुठली अधिसूचना काढणार? आणि वर आम्हाला मेळाव्यात शिकवायचं की ‘निर्यातीत सातत्य महत्त्वाचं’! सातत्य आम्ही ठेवायचं? नामूरला लेखी खुलासा मिळतो आणि आमच्या घोडेगावच्या कांदा बाजाराला व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड, तोही कुणी तरी ‘खरंय का रे?’ विचारत पाठवलेला.

युरोपवाले सोवळे आहेत असं मात्र समजू नका. तो कॅनडा करार 21 सप्टेंबर 2017 पासून ‘तात्पुरता’ लागू आहे. 2020 साली सायप्रसच्या संसदेनं हलूमी नावाच्या चीजपायी तो फेटाळला, कारण संरक्षित नावांच्या यादीत आपलं चीज नव्हतं. तरीही करार चालूच आहे, तात्पुरता. आमच्याकडे तात्पुरता टपरीचा परवाना असतो, तसा. आणि युनियनच्या न्यायालयानं 2017 साली सिंगापूरच्या करारावर मत दिल्यापासून तिथल्या हुशारांनाही युक्ती सापडली : गुंतवणुकीचा भाग वेगळ्या कागदावर बांधायचा, व्यापाराचा वेगळ्या. व्यापाराच्या कागदाला मग नामूरची परवानगी लागतच नाही. भारताशी 2007 साली सुरू झालेली, 2013 साली थंडावलेली बोलणी 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली ती अशीच सुटी सुटी बांधून : व्यापार वेगळा, गुंतवणूक वेगळी, भौगोलिक मानांकनं वेगळी. एकूण, आमच्या मालासाठी युरोपचं दार उघडताना वल्लोनियाला विचारायचं कारण उरत नाही. आम्हाला विचारण्याचं तर कधी नव्हतंच.

तेव्हा नामूरच्या आमदार मंडळींनो, आता मोकळे झालाच आहात तर एकदा नेप्तीला या. डिसेंबरात या, लाल कांदा असतो. जाताना एक गोणी द्यायची इच्छा आहे, पण ती विमानातून न्यायला त्या दिवशी परवानगी असेल की नाही, हे आदल्या रात्रीपर्यंत सांगता येणार नाही. 8 डिसेंबरची ती बंदी 31 मार्च 2024 पर्यंतच होती. मुदत संपायच्या आठवडाभर आधी ती ‘पुढील आदेशापर्यंत’ वाढवली.