थंडी खालनं येती

डोंबिवलीत पारा 18 च्या खाली उतरला की लोक थंडी साजरी करतात. फडके रोडवर मफलर फिरू लागतात, सकाळी आठशिवाय डोळा न उघडणारी माणसं मुद्दाम सहाला फिरायला निघतात आणि बदलापूरचे नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर 'आमच्याकडे 12' एवढंच टाकून समस्त डोंबिवलीचा पाणउतारा करतात. आम्ही ठाण्याचे लोक या स्पर्धेत उतरत नाही. आमची थंडी पहाटे तळावपाळीवर येऊन जाते आणि ती बघायला कुणी उठत नाही.

अशाच एका जानेवारीत भावोजींनी जाहीर केलं, "शनिवारी नाणेघाट. रात्री तंबूत." माझी भाची मनू तेव्हा आठ महिन्यांची होती.

भावोजींचा मुद्दा ऐतिहासिक होता. कल्याण हे सातवाहनांच्या काळातलं बंदर. तिथे उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. म्हणजे इथली माणसं दोन हजार वर्षांपासून त्या घाटात मुक्काम करत आली आहेत, मग आपल्यालाच काय धाड भरली आहे?

"ती कल्याणची माणसं," ताईच्या सासूबाई म्हणाल्या. मी त्यांना काकू म्हणतो. "आपण डोंबिवलीचे. आणि त्यांच्या कडेवर तान्हं पोर नव्हतं." एवढं बोलून त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला सांगितली. डोंबिवलीत विरोध असाच नोंदवतात. आधी ठणकावून नाही म्हणायचं आणि मग सामान बांधायला घ्यायचं.

ट्रंकेतून निघालं ते असं: कुंच्या, दुपटी, भावोजी स्वतः लहानपणी घालत ती कानटोपी, टाळूवर चोळायला वेखंडाची पूड, छाती शेकायला ओव्याची पुरचुंडी आणि ती गरम करायला तवा. तव्यासाठी शेगडी आणि शेगडीसाठी कोळसा. इकडे ठाण्याहून आमच्या आईचा फोन चालूच होता. तिनं बाळगुटीची सहाण घ्यायला सांगितलं. सहाणेनं ऊब कशी येणार, हे विचारायची माझी प्राज्ञा नव्हती.

ताई मात्र गुपचूप मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी सांगितलं, बाळाचे हातपाय गारच लागतात, त्यावर जाऊ नका. मानेमागे नाहीतर छातीला हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक कपडा उतरवा. आपल्या अंगावर जेवढं असेल त्याहून एक थर जास्त, बस. झोपताना नाकातोंडावर येईल असं मोकळं पांघरूण अजिबात नको, त्यापेक्षा बाळाला घालायची उबदार पिशवी मिळते, ती घ्या.

"पोर पिशवीत?" काकू कडाडल्या. "ती काय भाजी आहे?"

ताई हुशार. तिनं गडचिरोली काढली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं नव्वदच्या दशकात खेड्यापाड्यांत आरोग्यदूत तयार केले. ते घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेत. त्यांच्या सामानात बाळाला उबेत ठेवणारी अशी पिशवीही असे. त्या कामातून बालमृत्यू किती कमी झाले, ते 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. काकूंना 'लॅन्सेट'चं काही नव्हतं, पण 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक त्यांच्या उशाशी असतं. "बंग म्हणतात ना? मग घे," असं म्हणून त्यांनी पिशवी मंजूर केली. कुंची मात्र रद्द केली नाही.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं थोडंच. शहाडच्या पुलावर जेवढा वेळ गेला तेवढ्यात सातवाहनांचा बैल मुरबाडला पोचला असता. मुरबाड, टोकावडे, माळशेज, मग जुन्नरकडून वळून घाटघर. साधारण हजार मीटर चढलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी गार होते, ही माहिती भावोजींनी माळशेजच्या प्रत्येक वळणावर दिली. त्याच वळणांवर मनूनं जे करायचं ते केल्यामुळे गाडीच्या काचा उघड्या होत्या, त्यामुळे आम्हाला ती माहिती लगेच पटत होती.

सूर्य मावळायच्या आत नाणेघाटाच्या तोंडाशी गेलो. तिथे जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे आणि थोडं खाली ती प्रसिद्ध गुहा. भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत नागनिका राणीचा लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत किती गायी, घोडे, हत्ती, कार्षापण दिले, त्याचा हिशेब. गायी तर हजारांनी. भावोजी हे सगळं सांगत असताना खिंडीतून कोकणातला वारा असा काही वर घुसला की त्यांच्या तोंडचा 'कार्षापण' जुन्नरला गेला.

"दोन मुलगे होते ना हिला?" काकूंनी लेखाकडे बघत विचारलं. वेदिश्री आणि सतिश्री, भावोजी म्हणाले. "मग इथे काय करत होती?"

तंबूवाले दादा घाटघरचेच. त्यांनी मनूकडे पाहिलं आणि आम्ही मांडलेलं अंथरूण एका झटक्यात गुंडाळलं. "मावशी, थंडी वरनं नाय येत. खालनं येती." मग त्यांनी भाताचा पेंढा आणला. चांगला वीतभर जाड पसरला, पायानं दाबून सारखा केला, त्यावर ताडपत्री, त्यावर तंबू आणि तंबूच्या आत घोंगडी. काडीकाडीत हवा अडकून राहते आणि जमीन अंगातली ऊब ओढून घेत नाही. घोंगडी टोचत होती, मेंढीचा वासही होता, पण दहा मिनिटांत पाठ अशी गरम झाली की मी भावोजींच्या महागड्या स्लीपिंग बॅगकडे दयेनं पाहिलं. तिच्यावर उणे पाच लिहिलं होतं. असले आकडे पुष्कळदा माणूस कसाबसा तग धरेल एवढंच सांगतात, सुखानं झोपेल असं नव्हे. शिवाय युरोपातलं ते मोजमापाचं मानक मोठ्यांच्या बॅगांसाठी होतं, लहान मुलांच्या बॅगा त्यात धरलेल्याच नव्हत्या.

एवढ्यात काकूंनी डिकीतून शेगडी काढली. दादांनी ती त्यांच्या हातातून घेऊन सरळ बाहेर, शेकोटीपलीकडे नेऊन ठेवली. बंद तंबूत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास, झोपलेला माणूस उठतच नाही. "पुरचुंडी हितं शेका. आत इस्तू न्यायचा नाय." काकूंना आयुष्यात इतकं स्पष्ट कुणी बोललं नसावं. त्या निमूट शेकोटीपाशी बसल्या आणि ओवा शेकू लागल्या.

रात्री पारा 9 वर आला. मनू पिशवीत, पिशवीच्या आत सुती झबलं, त्यावर स्वेटर, स्वेटरवर काकूंची कुंची. एका अंगाला ताई, दुसऱ्या अंगाला आजी. मग सुरू झाली ती पांघरुणांची स्थलांतरं. काकू दर अर्ध्या तासानं जाग्या होत, मनूच्या पायाला हात लावत, "गार पडली गं पोर" म्हणत आणि माझ्या नाहीतर भावोजींच्या अंगावरचं काहीतरी ओढून तिकडे ठेवत. त्या आडव्या झाल्या की ताई मानेमागे हात घालून बघे, घाम पुसे आणि एकेक वस्त्र कांद्यासारखं सोलून काढे. काढलेलं वस्त्र मालकाकडे परत येत नसे. ते काकूंच्या अंगावर जाई. पहाटे तीनला माझ्याकडे फक्त एक दुपटं उरलं होतं. त्यावर बदकं होती. भावोजी तवा पोटाशी धरून बसले होते.

मनू सहाला उठली. गाल लाल, केस घामानं चिकटलेले, स्वभाव उत्तम. तिनं तंबूच्या कापडाला आतून साचलेले पाण्याचे थेंब चाटून पाहिले आणि खुदकन हसली. रात्रभर आम्हा पाच जणांचा श्वास तिथे जमला होता. हे काकूंना सांगायची हिंमत कुणाला झाली नाही.

निघताना काकूंनी दादांना पेंढ्याचा भाव विचारला. गॅलरीत मनूच्या गादीखाली घालायला हवा म्हणे. दादांनी पैसे घेतले नाहीत, दोन पेंढ्या बांधून दिल्या. त्या डिकीत बसेनात, म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून दोरी मारली. माळशेजला आमच्यामागे येणारे सगळे काडीकाडीनं माखले. शहाडच्या पुलाजवळ पुन्हा तीच रांग लागली, आणि आरशात पाहतो तो एक गाय डिकीत तोंड घालून शांतपणे पेंढा खाते आहे. भावोजी हाकलायला उतरणार, तोच काकूंनी त्यांना थांबवलं.

"खाऊ दे रे. त्या नागनिकेनं हजारांनी गायी दिल्या. आपण निदान पेंढा तरी देऊ."