गोत्यात

फेरो बेटांवर सिद्रुगोता नावाचं एक गाव आहे. त्यातल्या 'सिद्रु'चा अर्थ दक्षिणेकडचा. तो बाजूला काढला की उरतो गोता. तेव्हा 'प्रस्तुत लेखक नोव्हेंबरात गोत्यात गेला' या वाक्यात कोटी नाही, भूगोल आहे. कोटी पुढे झाली, आणि ती लेखकाने पायांनी केली.

प्रस्तुत लेखक डोंबिवलीत राहतो. बावीस वर्षं न चुकता पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जातो आणि बावीस वर्षं समेवर त्याची मान अर्धी मात्रा उशिरा हलते. शेजारचा काय करतो ते आधी बघावं लागतं, त्यात तेवढा वेळ जातो. असल्या माणसाला परदेशातले नवेनवे बँड शोधण्याचा छंद जडला त्याचं कारण सरळ आहे. तिथे शेजारच्यालाही सम ठाऊक नसते, असा त्याचा समज होता.

फेरो बेटं नॉर्वे आणि आइसलँड यांच्या मधोमध समुद्रात आहेत. बेटं अठरा, राज्य डेन्मार्कच्या राजाचं, अंतर्गत कारभार १९४८ पासून स्वतःचा, वस्ती जेमतेम पंचावन्न हजार. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवली स्टेशनात उभं राहिलं तर एवढा देश डोळ्यांदेखत लोकलमध्ये चढतो. मेंढ्या मात्र माणसांहून जास्त. आणि एवढ्याशा वस्तीतून बँड किती निघावेत? ट्यूर हा व्हायकिंग मेटल वाजवणारा बँड इथला. आयव्हर ही गायिका तर गोत्याचीच; 'द लास्ट किंगडम' मालिकेच्या संगीतात तिचा वाटा आहे. हाम्फेर्ड हा बँड सुतकात असल्यासारखे काळे सूट घालून, आपल्या फेरोई भाषेत, अतिशय संथ आणि अतिशय मोठ्याने रडतो. त्याने २०१२ साली जर्मनीतल्या वाकेन महोत्सवाची बँडस्पर्धा जिंकली.

गोत्याचा प्रसिद्ध महोत्सव 'जी!' हा. २००२ पासून, जुलैमध्ये, थेट समुद्राच्या वाळूवर. लेखकाला जुलैत रजा मिळाली नाही, म्हणून त्याने 'हॉयमा' गाठला. हॉयमा म्हणजे 'घरी'. गावातली दहाएक कुटुंबं एका संध्याकाळी आपापल्या बैठकीच्या खोल्या उघडतात, प्रत्येक खोलीत एक कलाकार गातो आणि श्रोते या घरून त्या घरी हिंडतात. आपल्याकडची खासगी बैठक आणि संक्रांतीचं हळदीकुंकू एकत्र केलं की हॉयमा होतो. फक्त वाण नाही.

वाणाचा विषय पुढे येईल.

निघताना सौ. म्हणाल्या होत्या, "अहो, मोज्यांचे दोन जोड हातातल्या पिशवीत ठेवा." लेखकाने हातातल्या पिशवीत चिवडा ठेवला. मोजे मोठ्या बॅगेत गेले, अकरा जोड. लेखक मुंबईहून कोपनहेगनमार्गे वागार बेटाच्या विमानतळावर उतरला, बॅग उतरली नाही. खिडकीतल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की बॅग सुखरूप आहे. कुठे, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तिथून गावाकडे जाताना समुद्राखालचा बोगदा लागतो. अकरा किलोमीटर लांब, २०२० च्या डिसेंबरात खुला झालेला आणि आत, समुद्राच्या पोटात, चक्क वाहतूक बेट. अठरा बेटांच्या देशाने एकोणिसावं बेट पाण्याखाली बांधलं! त्या बेटाच्या मधल्या खांबाभोवती ट्रोन्दुर पाटुर्सन या चित्रकाराने हातात हात धरून फेर धरलेल्या माणसांच्या पोलादी आकृत्या उभ्या केल्यात. हा इथला जुना नाच. वाद्य नाही; शेकडो कडव्यांचे पोवाडे गायचे आणि ताल पायांनी जमिनीवर धरायचा. ड्रायव्हरने रेडिओचा काटा फिरवला, तर बोगद्याचंच संगीत सुरू झालं. येन्स थॉमसन या संगीतकाराने बोगद्यातलेच आवाज टिपून ते रचलंय आणि ते गाडीच्या रेडिओवर ऐकत जायचं असतं. हाच गृहस्थ ओर्का नावाच्या बँडमधला. या मंडळींनी सुरुवातीला शेतावरच्या अवजारांतून वाद्यं बनवली. लेखकाने मान हलवली. उशिराच.

हॉयमाच्या संध्याकाळचे सहा. केव्हाच मिट्ट काळोख झालेला. पहिलं घर उत्तम पार पडलं. तिथे काय ऐकलं ते पुढच्या प्रसंगाने पुसून टाकलं. दुसरं घर ओढ्याच्या पलीकडे होतं. २६ जुलै २००५ ला कमरेभर पाण्यातून घरी गेलेला माणूस पावसाला भीत नाही, अशा ऐटीत लेखकाने छत्री उघडली. इथला पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. छत्रीचं क्षणात कमळ झालं, कमळ अटलांटिकच्या दिशेने गेलं, आणि त्याच्याकडे बघता बघता लेखकाचा डावा पाय ओढ्यात गेला. त्याला सोबत म्हणून उजवाही गेला.

दारात बुटांचा ढीग. म्हणजे इथेही बूट काढूनच आत जायचं! आपल्यासारखीच रीत बघून एरवी लेखकाला गहिवरून आलं असतं. पण बुटात होता तीन दिवसांचा, ओला, काळा मोजा आणि त्यातून पूर्ण बाहेर आलेला डाव्या पायाचा अंगठा. लेखकाने भोक तळव्याखाली सरकवून बघितलं. मोजा 'पचक' असं म्हणाला. जागा शिल्लक होती ती एकच, अगदी पुढे, जमिनीवर. समोर एक तरुण पायपेटीवर बसलेला. आपल्या संगीत नाटकांत असायची तसलीच पायपेटी, आणि भाता मारणाऱ्या त्याच्या पायांत करड्या लोकरीचे, हाताने विणलेले, बिनभोकाचे मोजे. शेजारी गाणारी मुलगी. लेखकाने घट्ट मांडी घातली आणि अंगठा मांडीखाली दडवला.

गाणं सुरू झालं. लाकडी जमिनीवर लेखकाच्या भोवती हळूहळू एक ओला नकाशा पसरू लागला. पाच-सहा वर्षांच्या एका मुलाने तो वाकून पाहिला, त्याचा उगम शोधला आणि अंगठ्याकडे बोट करून एकच फेरोई शब्द खणखणीत उच्चारला. त्याचा अर्थ लेखकाला कोणी सांगितला नाही. खोलीभर सगळ्यांना मात्र तो कळला. पंचवीस माणसं एका अंगठ्याकडे बघत हसली. मुलगी गाताना हसली. गाणं थांबलं.

घरच्या आजीबाई उठून आत गेल्या. पेटीवाल्याने एक सूर धरला आणि तो सोडला नाही, तानपुऱ्यासारखा. आजीबाई करड्या मोज्यांचा जोड घेऊन आल्या, लेखकाच्या मांडीवर ठेवला, ओला जोड दोन बोटांत धरून घेऊन गेल्या. लेखकाने एक मोजा चढवला, मग दुसरा. सूर तोवर चालूच होता. दुसरी टाच नीट बसली, तेव्हा मुलीने पुढचं कडवं उचललं.

लेखकाच्या आईने शेवटचा स्वेटर १९९१ साली विणायला घेतला होता. एक बाही राहिली. ती या खोलीत आठवायचं काही कारण नव्हतं.

मान समेवर पडली की नाही ते सांगता येत नाही. लेखक सगळा वेळ पायांकडे बघत होता.

त्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या जोडीचं नाव त्याने आठवणीने कागदावर शाईपेनाने लिहून घेतलं आणि कागद कोटाच्या खिशात ठेवला. कोट ओला होता. शेवटची दोन अक्षरं तेवढी वाचता येतात. त्यामुळे या सफरीत लेखकाने शोधून काढलेला नवा बँड पुन्हा हरवला आहे.

बॅग नऊ दिवसांनी डोंबिवलीत आली, अकराही जोडांसकट. सौ.नी करडे मोजे दिव्याखाली नेले, टाच कशी वळवली आहे ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि महोत्सवाविषयी एकच प्रश्न विचारला, "त्या बाईंना काय दिलंत?"

मंगळवारी अर्धा किलो चिवडा टपालाने रवाना झाला. नाव ठाऊक नसल्यामुळे पत्त्यात लिहिलं आहे : काळं घर, गवताचं छप्पर, ओढ्याच्या पलीकडे, सिद्रुगोता.