चार तारांना एक तारा

तार आणि तारा या दोन शब्दांत अंतर फक्त एका कान्याचं. तारेचं अनेकवचन केलं की तेही मिटतं. तंबोऱ्याला तारा चार असतात आणि ऑनलाइन दुकानात त्याच तंबोऱ्याला पाचापैकी तारा मिळतो एक. अकलेचे तारे तोडायची सोय आपल्याकडे पूर्वापार आहे, पण पूर्वी त्यासाठी चारचौघांत तोंड उघडावं लागे, आता अंगठा पुरतो. अशा अभिप्रायाचा मासला पुढे देतो. तो माझ्याच पदरचा आहे, पण असल्या दुकानांच्या तळाशी कोणी थोडा वेळ रेंगाळला असेल तर त्याला तो ओळखीचा वाटेल. ‘वाद्य भणभणतं. लाकडाचं समजून घेतलं, आत चक्क भोपळा निघाला. चारपैकी एक तार पिवळी आहे, बहुधा पांढऱ्या तारा संपल्या असाव्यात. घोडीवर तारांखाली दोऱ्याचे तुकडे अडकून राहिले होते, ते आम्ही साफ केले. त्यानंतर आवाज आणखी बसला. पॅकिंग मात्र उत्तम.’ म्हणजे तो एक तारा मिळाला तोही खोक्याला.

आता हा अभिप्राय गंभीरपणे घेऊ, कारण त्यातला प्रत्येक दोष म्हणजे त्या वाद्याचा एकेक गुण आहे. भणभणणं हेच तंबोऱ्याचं काम. त्याची घोडी सतारीसारखीच रुंद, आणि तिचा माथा कानसेनं अगदी हलका उतरता घासलेला असतो. छेडलेली तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते, उठते, टेकते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून तो केसभर पुढेमागे केला की एका जागी आवाज फुलासारखा उघडतो. त्या जागेला जवारी लागली म्हणतात. आपल्या ग्राहकानं साफ केलेला तो हाच दोरा. बासुंदीतली साय कचरा म्हणून काढून टाकावी आणि मग बासुंदी पातळ निघाली म्हणून हलवायाशी भांडावं, तसा हा प्रकार. पिवळी तार पितळेची, खर्जाची. ती नीट लागली तर तिच्यातून गंधार बोलतो आणि चारांतली एकही तार गंधाराला लावलेली नसते. यादीत नसलेला माल खोक्यातून निघाला, अशी तक्रार अजून कोणी कशी केली नाही याचंच नवल. या भणभणण्यावर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांना हलताच येत नाही ते ऐकू येऊ नयेत, असा युरोपातला यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम होता. तंबोरा आणि वीणा तो नियम सरळ धाब्यावर बसवतात आणि त्याचं कारण ती घोडी, हे रामन यांनी दाखवलं. रामन यांना नोबेल मिळालं १९३० साली, ते अर्थात प्रकाशावरच्या कामाला. पण ज्या भणभणीपुढे एका भौतिकशास्त्रज्ञाला थांबून विचार करावासा वाटला, तिच्यावर आपला ग्राहक खोकं फोडल्यापासून दहाव्या मिनिटाला निकाल देऊन मोकळा होतो.

माझ्यासारख्या जालन्याच्या माणसाला या भानगडीशी काय देणंघेणं, असं कोणी विचारेल. आहे, कारण ताऱ्यांनी काय मोजता येतं आणि काय नाही, हे समजायला जालन्याइतकं सोयीचं गाव नाही. इथे सळई बनते. १२ मिलिमीटरची सळई मीटरमागे ८८८ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. कमी भरली तर तिला एक तारा द्या नाहीतर अर्धा, कोणी हरकत घेणार नाही. काटा खोटं बोलत नाही आणि सळईला वाजवणाऱ्याची गरज नसते. ती कारखान्यातून निघते तेव्हाच पुरी झालेली असते. पण याच जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिकोची सुरुवात केली आणि गावाला बियाण्याचं नाव मिळालं. बी म्हणजे सळई नव्हे. पिशवीवर उगवणीची टक्केवारी छापता येते, पीक छापता येत नाही. त्याला रान, ओल आणि पेरणाऱ्याचा हात लागतो. मला म्हणायचंय ते एवढंच की, तंबोरा सळईच्या जातीचा नाही, बियाण्याच्या जातीचा आहे. कारखान्यातून तो निघतो तेव्हा अर्धाच तयार असतो, उरलेला अर्धा वाजवणाऱ्याच्या घरी घडतो. म्हणून खोकं उघडल्याबरोबर दिलेला तारा वाद्याचा नसून उघडणाऱ्याचा असतो. मोसंबी सालीसकट चावायची आणि कडू लागली म्हणून बागवानाला नापास करायचं, यातलं हे. (जालन्याच्या मोसंबीलाही भौगोलिक मानांकन आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला ते मिळालं, तेव्हा दोघं आता एकाच पंगतीत बसतात. मोसंबीला तूर्तास कोणी भणभणते म्हणत नाही.)

त्या मिरजेचा इतिहास पाहिला तर हा अर्धेपणा तिथल्या धंद्यात सुरुवातीपासूनच आहे. एकोणिसाव्या शतकात तलवारींना धार लावणारे शिकलगार तिथे वाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचं नाव या कामात पहिलं घेतलं जातं. हत्यारांचा काळ सरत होता आणि पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याची कदर होती. कानस धरणारा हात तोच राहिला, पातं जाऊन त्या जागी घोडी आली. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या रानातून. तो खायचा नव्हे, चवीला कडू आणि सालीनं जाड. तो वाळवायचा, कापायचा, भिजवून आकाराला आणायचा आणि मग त्यावर तबली नि दांडी चढवायची. भोपळ्याला साचा नसतो, त्यामुळे दोन तंबोरे एकसारखे निघत नाहीत. ‘फोटोत दाखवल्यापेक्षा वेगळा आला’ ही तक्रार म्हणून शंभर टक्के खरी आणि शंभर टक्के निरर्थक. अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले आणि १९३७ मध्ये गेल्यावर तिथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा स्वतःचा हात चालायचा. एवढा मोठा गवई आपला तंबोरा आपणच उघडून बसतो, याचा अर्थ कारागिराचं काम आणि गायकाचं काम यांच्यामधली रेघ तेव्हाही पुसटच होती. आज ती रेघ फार ठळक झाली आहे. कुरियरवाला बेल वाजवतो, तीच ती रेघ.

पण या प्रकरणातला हास्यास्पद पक्ष एकटा ग्राहक नाही, वादकमंडळींचं वागणंही पाहण्यासारखं असतं. असा एखादा अभिप्राय कोणाच्या तरी नजरेला पडतो. तो त्याचा फोटो काढून गटावर टाकतो, खाली रडणारे चेहरे उमटतात आणि मग उत्तरांची बैठक रंगते. पहिला घराणं काढतो, दुसरा गुरूंचं स्मरण करतो, तिसरा ‘संस्कृतीचा ऱ्हास’ हे ध्रुवपद धरतो, चौथा त्यावर तिहाई घेतो. दोऱ्याचं काम काय, हे चार ओळींत लिहून त्या ग्राहकाला पाठवावं, हे कोणाच्याच मनात येत नाही, कारण त्यात समेवर येण्याचा आनंद नसतो. समर्थ रामदास आपल्याच जिल्ह्यातल्या जांबचे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास त्यांनी मूर्खाच्या लक्षणांना दिला आणि दहावा पढतमूर्खाच्या. या वादात पहिल्या समासाचं गिऱ्हाईक एका बाजूला आणि दहाव्याचं दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी सहज करता येते. जिल्ह्यात एवढी सोय असताना मराठवाड्यानं मूर्खपणाचं मोजमाप बाहेरून मागवायचं कारण नाही.

आता हरकती. पहिली रास्त आहे. दोन पैसे टाकणाऱ्यानं तोंड उघडण्याआधी उस्ताद व्हायचं का? मुळीच नाही. भोपळ्याला भेग असेल, ओलं लाकूड वापरल्यानं दांडीला बाक आला असेल, खुंटी फिरवावी आणि ती सैल पडून परत फिरावी असं होत असेल, तर ते कळायला गंडा बांधावा लागत नाही. शोभेची वस्तू तंबोरा म्हणून विकणारेही बाजारात आहेत आणि ‘तुम्हाला त्यातलं कळत नाही’ हे वाक्य त्यांच्याइतकं सराईतपणे कोणीच वापरत नाही. बोगस बियाणं हातात पडलेल्या शेतकऱ्याला ‘तुमचं रानच वाईट’ असं ऐकवणाऱ्यांची ही सख्खी भावंडं. त्यांचे तारे जरूर तोडा. पण तेव्हाही काय मोडलं ते सांगा. ‘खुंटी सरकते’ ही तक्रार झाली, ‘आवाज कसातरीच’ हा नुसता उसासा.

दुसरी हरकत जास्त बोचरी आहे आणि ती वादकांनी शांतपणे ऐकून घ्यावी. जाणकार म्हणवणाऱ्यांचे कान तरी भरवशाचे आहेत का? २०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला एक प्रयोग झाला. २१ व्हायोलिनवादकांना वेल्डरचे काळे चष्मे लावून मंद उजेडाच्या खोलीत सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी, आणि जुन्यांत दोन स्ट्राडिव्हारी, एक ग्वार्नेरी. लाकडाच्या वासावरून ओळख पटू नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तर लावलं होतं. घरी न्यावंसं वाटणारं वाद्य निवडा म्हटल्यावर बहुतेकांनी नवं उचललं आणि सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्ट्राडिव्हारी. गिटारवाल्यांचीही गत फार वेगळी झाली नाही. इंग्लंडमध्ये एकाच कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या, फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा. एकीला आपली शिसवीसुद्धा होती, जिचे पलंग आणि कपाटं मराठी वाड्यांत पिढ्यान्पिढ्या बिनआवाजाची उभी आहेत. ५२ वादकांनी त्या अंधारात वाजवल्या आणि लाकडाच्या किमतीचा आवाजाच्या पसंतीशी फारसा संबंध लागेना. २०१८ मध्ये तो निष्कर्ष छापून आला. महागड्या हातघडणीच्या गिटारीवर कोणी अजाण माणूस वेडंवाकडं बोलला की जी मंडळी लाकडाच्या जातीचं पुराण लावतात, त्यांनी हे पान बुकमार्क करून ठेवावं. मग ग्राहक आणि जाणकार सारखेच का? तसं नाही. त्या प्रयोगांतल्या वादकांनी वाद्य हातात घेऊन वाजवलं, नेमक्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि मुख्य म्हणजे नाव नि किंमत दिसू नये म्हणून डोळे झाकले. आपला एकताऱ्याचा धनी डोळे उघडे ठेवतो आणि कान झाकतो.

कठोर अभिप्रायालाच संगीतवाले घाबरतात, असाही आरोप होतो. इथे पेटीची आठवण काढावी लागते. तिच्याइतका वाईट अभिप्राय भारतात दुसऱ्या कोणत्या वाद्याला मिळाला असेल? जॉन फोल्ड्स हे आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहत. त्यांनी पेटीच्या नावावरच कोटी करून तिच्यावर लेख लिहिला. रवींद्रनाथांचंही तिच्याविषयीचं मत कडूच होतं. १९४० मध्ये आकाशवाणीनं तिला दारच बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. एक तारा कसला, हे तर तीन दशकांचं ग्रहण. गंमत म्हणजे आक्षेप खरा होता. पेटीवर मींड निघत नाही आणि तिच्या बांधीव पट्ट्यांत श्रुतींना जागा नसते. पण आक्षेप असा नेमका असला की त्याला उत्तर द्यायला माणूस सुचतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बंदीच्या खूप आधी, १९१० मध्ये, त्यांनी बावीस श्रुतींच्या मोजमापाचं पुस्तक काढलं. न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्याबरोबर श्रुतींची पेटी बनवायचाही उद्योग झाला. ती पेटी फारशी चालली नाही, पण वाद पुढे सरकला. पुढे मनोहर चिमोटे यांनी स्वतंत्र वादनाच्या गरजेनुसार पेटीत बदल केले आणि तिला संवादिनी म्हटलं. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जे वाद्य रंगभूमीवर नि मैफलीत रुजवलं, त्याला रेडिओचा दरवाजा बंद असतानाही कीर्तनात, नाटकात आणि गावोगावच्या भजनी मंडळांत कोणी उठवू शकलं नाही. ‘वाद्य भणभणतं’ यातून मात्र देवल निपजत नाहीत. त्यातून निपजतो न भणभणणारा तंबोरा.

आणि तो आलेलाही आहे. बंगळुरूच्या राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास विजेवर चालणारा तंबोरा बनवला तो सोयीसाठी. एकट्यानं रियाज करणाऱ्या हजारोंची त्यानं अडचण दूर केली, त्याबद्दल वाकडं बोलायचं कारण नाही. आता तो मोबाइलमध्ये शिरला आहे. त्याला भोपळा नाही, दोरा नाही, अंबडच्या दत्तजयंतीच्या महोत्सवातल्या गारठ्यात त्याचा सूर ढळत नाही, मे महिन्यात जालन्याच्या उन्हात त्याची दांडी वाकत नाही. त्याला पाच तारे मिळतात ते वाजवीच, कारण तो सळईच्या जातीचा आहे. घोटाळा होतो तो त्या पाच ताऱ्यांच्या मापानं भोपळ्याच्या तंबोऱ्याला जोखलं की. दुकानाच्या यादीत कमी ताऱ्यांचा माल खाली घसरतो आणि मिरजेतला कारागीर ताऱ्यांसाठी घोडी सपाट ठेवू लागला, जवारी काढायचीच बंद केली, तर त्याला नावं कोणत्या तोंडानं ठेवणार? त्यापेक्षा त्यानं घोडीजवळ तबलीवर एक चिठ्ठी चिकटवावी, ठळक अक्षरांत: हे दोरे पॅकिंगचे नाहीत, कृपया फेकू नयेत. पुढल्याच आठवड्यात अभिप्राय येईल की चिठ्ठी काढताना तबलीवर डिंकाचा डाग राहिला, सबब एक तारा कापला आहे.