वेड्यांची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे आजा नातवाला सांगतो. म्हणजे चढतात ते वेडे. सातबाऱ्यावर चुकलेल्या एका नावासाठी वर्षानुवर्षं एस.टी.ने तालुक्याला जाणारे, तारीख पडली की फाईल पिशवीत घालून परतणारे. मला या वेड्यांची मनापासून स्तुती करायची आहे. त्यांचं दैवत एक माकड आहे.

मुंबई उच्च न्यायालयाची फोर्टातली दगडी इमारत १८७८ मध्ये पुरी झाली. तिच्या माथ्यावर न्याय आणि करुणा यांचे पुतळे आहेत. पण नक्षीकामात नीट शोधलं तर एक माकड सापडतं. हातात तराजू, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा डोळा उघडा. दोन मांजरांचं लोणी वाटणारं माकड ज्याने लहानपणी ऐकलंय, त्याला आणखी काही सांगायला नको. बांधकामातल्या एका पारशी कंत्राटदाराने दावा हरल्यावर ते कोरून घेतलं, असं म्हणतात. दंतकथा असेल. तरी काय ते वेड! शहाणा माणूस हरल्यावर अपील करतो, नाहीतर गप्प बसतो. याने न्यायाधीशांबद्दलची तक्रार न्यायाधीशांच्याच भिंतीत बसवली.

त्याहून मोठं वेड कोर्टाचं. छिन्नीचे चार घाव पुरले असते, पण माकड अजून तिथेच आहे. याच इमारतीत १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्याच दालनाबाहेर टिळकांचे शब्द कोरलेली शिळा लावली. ज्याला दोषी ठरवलं त्याचंच म्हणणं कोर्टाने भिंतीवर जपलं. असा वेडेपणा करायला मोठं मन लागतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, न्यायाधीशांच्या ग्रंथालयात, न्यायदेवतेची नवी मूर्ती आली. डोळ्यांवरची पट्टी गेली, तलवारीच्या जागी संविधान आलं, अंगावर साडी आली. चांगलंच झालं. पण तेव्हा त्या एका न्यायालयात ८० हजारांहून जास्त प्रकरणं तुंबलेली होती, देशभरात ५ कोटींच्या वर. ग्रंथालयातली मूर्ती न्यायाधीशांना दिसते, पक्षकाराला दिसते पुढची तारीख. त्या पक्षकाराला मी माकडाकडे नेईन. देवीपुढे त्याला हातच जोडावे लागतात. माकड पाहून मात्र त्याला कळेल की आपल्याआधीही इथे कुणी हरलं होतं, चिडलं होतं, आणि तो राग या भिंतीने पुसलेला नाही.

उच्च न्यायालय आता वांद्र्याला जायचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे पायाभरणी झाली. न्यायमूर्तींना हात जोडून विनंती आहे: नव्या इमारतीत न्यायदेवता बसवाल, तेव्हा पक्षकारांच्या नजरेला पडेल अशा जागी एक माकडही कोरून घ्या.